कॅमेरा घेऊन पायीं: वरोरच्या खडकापासून आशेरीच्या माथ्यापर्यंत

डोंगरांत किंवा रानांत पायीं हिंडावयास निघालेल्या मनुष्याच्या खांद्यावर आज बहुधा कॅमेरा असतोच. आणि खांद्यावर नसला तर तो खिशांतील मोबाइलमध्यें असतो. चालणें आणि छायाचित्र घेणें या दोन गोष्टी आतां इतक्या एकत्र आल्या आहेत कीं, त्या मुळांत परस्परविरोधी आहेत हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चालणाऱ्याला पुढें जावयाचें असतें, छायाचित्रकाराला थांबावयाचें असतें. जो केवळ चालतो तो सायंकाळीं अंतर मोजतो. जो केवळ चित्रें घेतो तो चित्रांची संख्या मोजतो. या दोहोंचा मेळ बसला म्हणजे मात्र तिसरीच एक वस्तु हातीं लागते. ती वस्तु म्हणजे त्या भूमीची नोंद. ही नोंद कशी करावी, तिचा उपयोग काय, आणि पालघर जिल्ह्यांत, डहाणू तालुक्यांतील वरोर या गांवापाशीं आज तिची निकड कां उत्पन्न झाली आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना छायाचित्राचा हात धरूनच जगांत आली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १८६१ सालीं कार्लटन वॉटकिन्स नांवाचा एक छायाचित्रकार कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या दरींत गेला. खेचरांच्या पाठीवर त्याचें सामान होतें, आणि त्या सामानांत १८ इंच रुंद व २२ इंच लांब अशा मोठ्या कांचा होत्या. त्या काळीं कांचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी लागे, आणि लेप वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूंत नेऊन धुवावी लागे. एका चित्रासाठीं एवढा खटाटोप असल्यामुळें कांच बाहेर काढण्यापूर्वीं छायाचित्रकार जागा, उजेड आणि वेळ यांचा पुष्कळ विचार करी. वॉटकिन्सचीं चित्रें पूर्वेकडील शहरांत पोंचलीं, आणि ज्यांनीं ती दरी कधींहि पाहिली नव्हती त्यांच्या डोळ्यांपुढें ती उभी राहिली. १८६४ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं ती दरी सर्व लोकांसाठीं राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढें १८७१ सालीं विल्यम हेन्री जॅक्सन हा सरकारी पाहणीच्या तुकडीबरोबर यलोस्टोनच्या प्रदेशांत गेला. जमिनींतून उसळणारे उकळत्या पाण्याचे फवारे या गोष्टी तोंवर लोकांना प्रवाशांच्या थापा वाटत असत. जॅक्सनच्या चित्रांनीं त्या खऱ्या ठरविल्या. १८७२ च्या मार्च महिन्यांत यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. हे कायदे केवळ चित्रांनीं घडविले असें नव्हे; परंतु चित्रांनीं त्यांची वाट मोकळी केली, हें निर्विवाद आहे.

याच चित्रांची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. योसेमिटीच्या दरींत मूळचे रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. तेथील गवत ते जाळीत, ओकचीं फळें गोळा करीत, शिकार करीत. वॉटकिन्सच्या भव्य देखाव्यांत मात्र बहुतेक ठिकाणीं कडे, पाणी आणि वृक्ष यांशिवाय कांहीं नाहीं. चित्र पाहणाऱ्याची समजूत अशी होई कीं, ही भूमि निर्मनुष्य आहे आणि ती जशी आहे तशी देवानें निर्माण केली आहे. या समजुतीची किंमत त्या रहिवाशांना द्यावी लागली. हळूहळू त्यांना दरी सोडावी लागली. चौकटींत काय घेतलें हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच चौकटीबाहेर काय ठेवलें हेंहि महत्त्वाचें असतें. रानांत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यानें शिकण्याचा हा पहिला धडा होय.

हिंदुस्थानांत छायाचित्राची विद्या फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक होते. रानांतील प्राण्यांपर्यंत मात्र कॅमेरा पोंचावयास आणखी बराच काळ लागला. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनीं वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेस लागतांच प्रकाशाचा लोळ उठे आणि कॅमेरा आपोआप चित्र घेई. त्यांचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि बंदुकीशिवायहि वाघ मिळवितां येतो हें सुशिक्षितांना प्रथमच कळलें. १९३६ सालीं हिमालयाच्या पायथ्याशीं हेली राष्ट्रीय उद्यान झालें. आज तेंच कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखलें जातें. महाराष्ट्रांत हा मान प्रथम ताडोबाला, १९५५ सालीं मिळाला. मुंबईच्या वेशीवरील बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत, सुमारें १०० चौरस किलोमीटरच्या रानांत, बिबळ्यांची गणना आज आपोआप चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांनींच होते. प्रत्येक बिबळ्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना निराळी असते, म्हणून चित्रावरून तो जनावर ओळखतां येतो. चँपियन यांच्या तारेचेंच हें सुधारलेलें रूप आहे. छायाचित्र हें येथें शोभेची वस्तु उरत नाहीं. तो पुरावा होतो.

डहाणू तालुक्यांत राष्ट्रीय उद्यान नाहीं. तरीहि हा प्रदेश कायद्याच्या दृष्टीनें सामान्य नव्हे. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. उद्योगांची वर्गवारी ठरली, त्यांच्यासाठीं एकंदर ५०० एकरांची मर्यादा घातली गेली, आणि तालुक्याभोंवतीं २५ किलोमीटरचा पट्टा राखला गेला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलें गेलें, आणि निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. राष्ट्रीय उद्यानाला सीमा असते, फाटक असतें, पहारा असतो; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें त्यांत परवानगीशिवाय पाऊल टाकतां येत नाहीं. डहाणूस यांपैकीं कांहींच नाहीं. येथें घरें, बागा, शेतें, रेल्वे आणि रान एकमेकांत मिसळलेलीं आहेत, आणि त्यांचें रक्षण कागदावरील एका मर्यादेवर अवलंबून आहे. म्हणूनच पायीं हिंडणाऱ्या छायाचित्रकाराला हा मुलूख उद्यानापेक्षांहि अधिक शिकवितो.

ही पायपीट समुद्रापासून आरंभावी. पश्चिम रेल्वेच्या वाणगांव स्टेशनावर उतरून चिंचणीवरून वरोरला जातां येतें. गांवाच्या उत्तरेस वाढवण आहे, दक्षिणेस चिंचणी आणि तारापूर. येथील किनारा म्हणजे नुसती वाळू नव्हे. ओहोटी लागली म्हणजे काळ्या खडकांचा रुंद पट्टा पाण्यांतून वर येतो. दख्खनच्या पठाराप्रमाणेंच हाहि ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा खडक. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. लाटांनीं तो घासून सपाट केला, फटी रुंद केल्या, आणि फटींत डबकीं निर्माण केलीं. त्या डबक्यांत खेकडे, कालवें, शंख, शेवाळ आणि लहान मासे ओहोटीचे तास काढतात. एका डबक्यापाशीं अर्धा तास स्वस्थ बसलेल्या मनुष्याला जें दिसतें, तें सगळा किनारा धांवत पाहणाऱ्याला दिसत नाहीं.

परंतु या खडकावर केव्हां जावें हें ठरविणारा मनुष्य नव्हे, चंद्र आहे. कोंकणच्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांना भरतीचें गणित तोंडपाठ असतें: तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां, पौर्णिमेला किंवा अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनीं ओहोटीची अखेर येते. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येतो, म्हणून भरतीहि तितकीच मागें पडत जाते; पाऊणपटीचें मर्म एवढेंच. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा ढोबळ हिशेब होय. ठिकाणपरत्वें वेळ थोडी पुढेंमागें होते, तेव्हां छापील तक्ता पाहावा आणि त्याहून बरें म्हणजे गांवांतील मच्छीमाराला विचारावें.

आतां या गणितांतून छायाचित्रकाराच्या फायद्याची एक गोष्ट निघते. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येतें, आणि उधाण येतें. त्या दिवसांत भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटी सर्वांत खोल जाते. भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सहाच्या सुमारास. अर्थात् ज्या दिवशीं खडक सर्वांत अधिक उघडा पडतो, त्याच दिवशीं तो सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या तिरप्या उजेडांत उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट घडतें. भांगाची ओहोटी थोडीच उतरते, आणि तीहि भर दुपारीं. डोक्यावरच्या सूर्यानें खडकाच्या खांचाखोंचा नाहींशा होतात आणि सारें सपाट दिसतें. मुंबईहून उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावें तसतसा भरती व ओहोटी यांतील फरक वाढत जातो. त्यामुळें या बाजूस उधाणाच्या दिवसांचें महत्त्व अधिकच आहे. पंचांग आणि कॅमेरा यांचा संबंध इतका जवळचा असेल अशी कल्पना शहरांतील घरांत सहसा येत नाहीं.

खडकावर दोन सावधगिऱ्या पाळाव्या लागतात. पहिली जिवाची. पाणी नेहमीं समोरूनच येतें असें नाहीं. खडकामागील सखल जागा आधीं भरते आणि परतीची वाट बंद होते. म्हणून ओहोटी संपण्यापूर्वीं दोन तास खडकावर जावें, आणि पाणी वळलें कीं पाय मागें घ्यावे. शेवाळावर बूट घसरतो. तिपाईचा पाय फटींत पक्का बसल्याशिवाय हात सोडूं नये. दुसरी सावधगिरी चित्राची. कॅमेऱ्यांतील प्रकाश मोजणारें यंत्र जगांतील प्रत्येक वस्तु मध्यम करड्या रंगाची आहे असें धरून चालतें. काळ्या खडकानें चौकट भरली तर तें यंत्र उजेड कमी आहे असें समजतें, जास्त प्रकाश आंत घेतें, आणि खडक राखेसारखा उतरतो. पांढऱ्या फेसानें चौकट भरली तर उलट होतें. फेस मळकट दिसतो. याकरितां काळ्या वस्तूसाठीं प्रकाश यंत्राच्या मापापेक्षां कमी घ्यावा, पांढऱ्यासाठीं अधिक घ्यावा. आणि समुद्राच्या वाऱ्यांतील मिठाचा थर भिंगावर बसतो, तो मऊ फडक्यानें वारंवार पुसावा.

ओहोटीच्या वेळीं खडक रिकामा नसतो. येथील मांगेला समाजाची उपजीविका समुद्रावर चालते. होड्या बाहेर जातात, आणि स्त्रिया खडकांतून कालवें व खेकडे वेंचतात. पावसाळ्यानंतर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले जातात. गांवाच्या परिसरांत दागिन्यांच्या नक्षीचे पोलादी साचे कोरण्याचा घरगुती धंदा आहे. सूक्ष्म काम करणारे हात या किनाऱ्याला नवे नाहींत. या लोकांना देखाव्याचा भाग समजून दुरून लांब भिंगानें टिपणें ही असभ्यता आहे. आधीं बोलावें, मग विचारावें, आणि नकार आला तर कॅमेरा खालीं घ्यावा. योसेमिटीच्या चित्रांनीं माणसें वगळलीं. येथें माणसें घ्यावयाचीं तीं त्यांच्या संमतीनें आणि त्यांच्या कामासह घ्यावीं.

किनाऱ्यापासून पूर्वेकडे निघालें म्हणजे भूमि पट्ट्यापट्ट्यांनीं बदलते. प्रथम वाळू आणि खाडीच्या मुखाशीं खारफुटी. मग ताड, नारळ आणि चिकूच्या वाड्या. मग भातशेती आणि रेल्वेचा मार्ग. त्यापुढें माळ, महामार्ग, आणि शेवटीं सागाचें रान व डोंगर. घोलवडचा चिकू पुढें एवढा प्रसिद्ध झाला कीं २०१६ सालीं त्याला भौगोलिक मानांकन मिळालें. तो पिकतो याच किनारपट्टींत. हे पट्टे ज्या क्रमानें येतात त्या क्रमानें प्रत्येकाचें एक चित्र घेतलें, तरी तालुक्याचा भूगोल कोणत्याहि नकाशाइतका स्पष्ट होतो. मात्र येथें घाई करून भागत नाहीं. मार्चपासून हवेंत धुरकटपणा येतो आणि दूरचे डोंगर निळसर पडद्याआड जातात. पावसानंतर, आश्विन-कार्तिकांत हवा धुतल्यासारखी असते, आणि रानहि अजून हिरवें असतें. माघ-फाल्गुनांत पानें गळतात, पळस फुलतो, आणि डोंगराचा सांगाडा, त्याच्या धारा आणि घळी उघड्या दिसतात. देखणें चित्र कार्तिकांत मिळतें. समजण्यासारखें चित्र फाल्गुनांत मिळतें.

या पूर्वेकडील डोंगरांत पायीं चढण्यास योग्य असा एक किल्ला म्हणजे आशेरी. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, मेंढवणच्या खिंडीजवळ, खोडकोना गांवापासून त्याची वाट निघते. उंची सुमारें ५०० मीटर. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपुढें ती कांहींच नव्हे. परंतु वाट सागाच्या दाट रानांतून जाते, शेवटचा खडकाळ टप्पा हात टेकून चढावा लागतो, आणि उन्हांत निघालेल्याला हा डोंगर चांगलाच दमवितो. सोळाव्या शतकांत हा किल्ला पोर्तुगीजांच्या हातीं गेला, आणि १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेच्या काळांत मराठ्यांनीं तो घेतला. माथ्यावर खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत, आणि पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला एक दगड आजहि पाहावयास मिळतो. या दगडाचें चित्र दुपारीं घेतलें तर कोरीव काम दिसतच नाहीं. सकाळच्या किंवा सायंकाळच्या बाजूच्या उजेडांत तीच रेघ न् रेघ वर येते. ज्या तिरप्या उजेडानें वरोरचा खडक बोलका केला, तोच येथें शिलालेखाचें काम करतो.

रानाच्या या पट्ट्यांत वारली लोकांचे पाडे आहेत, आणि येथें कॅमेऱ्याची मर्यादा स्पष्ट होते. वारली चित्रांत क्षितिजाची रेषा नसते. झोंपडी समोरून दिसते, अंगण वरून दिसतें, नाचणाऱ्यांचें वर्तुळ आणखी तिसऱ्याच बाजूनें दिसतें. पेरणी, मासेमारी, लग्न आणि वाघ एकाच भिंतीवर एकाच वेळीं असतात. कॅमेरा एका जागीं उभा राहतो आणि एकच क्षण पाहतो. वारली चित्रकार साऱ्या भूमींतून हिंडतो आणि सारें वर्ष पाहतो. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली, आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ सालीं ते निवर्तले. २००३ सालीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें त्यांची चित्रें रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामाशेजारीं मांडलीं गेलीं. लाँग यांची कला म्हणजे चालणें. १९६७ सालीं त्यांनीं एका कुरणांत एकाच सरळ रेषेंत पुनःपुन्हां ये-जा केली. गवत दबून जी रेघ उमटली तिचें छायाचित्र घेतलें, आणि तेंच त्यांचें चित्र ठरलें. एकानें भूमीवर चालून रेषा काढली, दुसऱ्यानें भूमि ओळखून ती रेषेंत उतरविली. कॅमेरा घेऊन पायीं निघालेल्याला या दोघांच्या शेजारापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. एका चित्रानें जागा समजत नाहीं. ती समजण्यास अनेक चित्रें, अनेक दिवशींचीं, पण एकमेकांशीं जोडलेलीं लागतात.

हें जोडण्याचें एक शास्त्र आहे. एकाच जागेवरून, एकाच दिशेस, ठराविक काळानें पुनः चित्र घ्यावयाचें, आणि मग जुनें व नवें शेजारीं ठेवून पाहावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या जर्मन गणितज्ञानें आल्प्स पर्वतांतील हिमनद्यांच्या पाहणींत या पद्धतीचा पाया घातला. हिमनदी डोळ्यांदेखत हलत नाहीं. परंतु दहा वर्षांच्या अंतरानें घेतलेल्या दोन चित्रांत ती किती मागें हटली हें मुलालाहि कळतें. या कामाला महाग कॅमेरा लागत नाहीं. लागते ती शिस्त. उभें राहण्याची जागा अशी निवडावी कीं दहा वर्षांनीं दुसऱ्याला ती सांपडेल: मोठा खडक, देवळाची पायरी, पुलाचा कठडा. दूरचा एखादा न हलणारा डोंगर चौकटींत ठेवावा. तारीख, वेळ, दिशा, आणि किनाऱ्यावर असल्यास तिथि व भरतीची स्थिति, ही लगेच टिपून ठेवावीं. मोबाइलमध्यें वेळ व ठिकाण आपोआप नोंदलें जातें. तें पुसूं नये, आणि मूळ चित्रांत मागाहून रंग भरूं नयेत. भरतीचें चित्र आणि ओहोटीचें चित्र शेजारीं ठेवून किनारा बदलला असें म्हणणारा मनुष्य स्वतःची व दुसऱ्याची फसवणूक करतो. नोंदीची शिस्त हवी ती याचसाठीं.

ही शिस्त आज वरोरपाशीं कां हवी, तें आतां सांगतां येईल. वाढवणच्या समुद्रांत मोठें बंदर बांधण्याची कल्पना जुनी आहे. १९९८ सालीं प्राधिकरणानें तें या तालुक्यांत अनुज्ञेय नाहीं असा निर्णय दिला. पुढें योजना नव्या रूपांत आली, आणि ३१ जुलै २०२३ रोजीं प्राधिकरणानें अटी घालून तिला संमति दिली. १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटि रुपये खर्चाच्या या बंदरास मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याची पायाभरणी झाली. योजनेप्रमाणें समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे, आणि लाटा अडविण्यासाठीं १० किलोमीटरहून अधिक लांबीचा बांध उभारावयाचा आहे. बंदरापासून महामार्गावरील तव्यापर्यंत सुमारें ३२ किलोमीटरचा रस्ताहि योजनेंत आहे. किनारा, वाड्या, भातशेती, रेल्वे आणि माळ हे जे पट्टे पायीं चालणारा एकामागून एक ओलांडतो, तेच हा रस्ता ओलांडणार आहे.

बंदराच्या बाजूचे लोक म्हणतात कीं, येथें किनाऱ्याजवळच वीस मीटरपर्यंत खोली मिळते, मोठीं जहाजें येतील, व्यापार आणि रोजगार वाढेल. विरोध करणारे मच्छीमार व बागाईतदार म्हणतात कीं, माशांचीं विणीचीं ठिकाणें जातील, पाण्याचे प्रवाह बदलून किनारा खचेल, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बुडेल. या वादाचा निकाल छायाचित्र देऊं शकत नाहीं, आणि त्यानें तसा आवहि आणूं नये. परंतु वाद ज्या गोष्टींवर चालतो त्यांपैकीं कित्येक डोळ्यांनीं दिसणाऱ्या आहेत. वाळूची रेघ कोठें होती आणि कोठें गेली; खडकावर किती तास माणसें कालवें वेंचीत; खारफुटी वाढली कीं घटली; मांडवावर बोंबील किती आणि कोणत्या महिन्यांत. पुढील पंधरा वर्षांत या प्रश्नांवर दोन्ही बाजू बोलतील. त्या वेळीं बंदरापूर्वींचा किनारा कसा होता हें सांगणारीं, तारीख व जागा नोंदलेलीं चित्रें असलीं, तर बोलणें पुराव्यावर चालेल. नसलीं, तर आठवणींवर चालेल, आणि आठवणी प्रत्येकाच्या सोयीप्रमाणें वळतात. झालेल्या बदलाचें चित्र केव्हांहि घेतां येतें. बदलापूर्वींचें चित्र मात्र बदलापूर्वींच घ्यावें लागतें.

हें काम तज्ज्ञांवर सोडून देण्याचें कारण नाहीं. सरकारी पाहणी ठरलेल्या दिवशीं येते आणि जाते. गांवांतील शाळेचीं मुलें वर्षभर तेथेंच असतात. एखाद्या शाळेनें किनाऱ्यावरच्या तीन जागा आणि डोंगरावरची एक जागा ठरविली, आणि दर महिन्याच्या पौर्णिमेला ओहोटीच्या अखेरीस तेथून एकेक चित्र घेतलें, तर वर्षाला अठ्ठेचाळीस चित्रें होतात. दहा वर्षांत तो संग्रह कोणत्याहि विद्यापीठाला हवासा वाटेल. मुंबईहून सुट्टीच्या दिवशीं येणारीं कुटुंबेंहि यांत भाग घेऊं शकतात. आशेरीच्या माथ्यावरून पश्चिमेकडील सखल प्रदेशाचें जें चित्र ते घेतात, तेंच पुढच्या वर्षीं त्याच दगडाजवळून घेतलें, तर सहलीच्या आठवणीचें रूपांतर दस्तऐवजांत होतें.

वॉटकिन्सच्या चित्रांनीं एक दरी वाचविली, आणि त्याच चित्रांत तिचे रहिवासी दिसेनासे झाले. वरोर आणि आशेरी यांच्या दरम्यान हिंडणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम साधण्याची संधि आहे: भूमि दाखवावयाची आणि तिच्यावर जगणारीं माणसेंहि दाखवावयाचीं. त्यासाठीं लागतें तें इतकेंच. पंचांग पाहून निघावें, सावकाश चालावें, परवानगी घेऊन चित्र काढावें, त्याखालीं तारीख लिहावी, आणि पुढच्या वर्षीं पुनः त्याच दगडाजवळ येऊन उभें राहावें.